न हललेला चेंडू

कार्तिक लागला की आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात गवतकापणी सुरू होते. खाचरातलं भात घरी आलेलं असतं, आणि उतारावरचं गवत पार वाळून जायच्या आत खाली आणायची सगळ्यांना घाई असते. सकाळी दव आहे तोवर विळा चांगला चालतो. कापल्या गवताचा जो ओलसर, किंचित गोड वास तेव्हा सुटतो, त्यानं गावातल्या बाकीच्यांना गोठ्यातली जनावरं आठवतात. मला गोल्फ आठवतो. हे मी सहसा बोलत नाही. कमरेत विळा खोचलेल्या माणसानं गवतात उभं राहून गोल्फ आठवावा, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आधीच लोक मला थोडा तिरपागडा समजतात.

पण गोष्ट खरी आहे. एक अख्खा हंगाम मी हा खेळ पोटासाठी खेळलो. मराठी सातवी पास झालो तेव्हा वडिलांना वाटलं, पोराला पुण्यात कारकुनी मिळेल. पुण्याला तसं वाटलं नाही. लष्कराच्या अंगाला साहेब लोकांचं खेळायचं मैदान होतं, तिथं गवत कापायला माणसं हवी होती, आणि गवत कापायला सातवीचा दाखला कुणी मागत नव्हतं. गवतावरून मी साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलण्यावर आलो आणि पिशवीवरून, साहेब निघून गेल्यावर संध्याकाळी चोरून मारलेल्या फटक्यांवर. पुढे साहेबांनाच त्यात मौज वाटू लागली. आपल्या काठ्यावाल्याला दुसऱ्याच्या काठ्यावाल्याशी खेळवायचं, पैज लावायची, कोंबड्यांसारखी. त्यातून जे चांगले निघाले त्यांना 'उस्ताद' म्हणू लागले. मी उस्ताद झालो तेव्हा मला मिसरूड फुटून बरीच वर्षं झाली होती आणि लग्नही झालं होतं.

वडील एकदा पुण्याला आले तेव्हा मी त्यांना ते मैदान दाखवलं. त्यांनी लांबवर नजर टाकली. एक गोरा साहेब चेंडू मारून त्याच्यामागे चालत गेला, परत मारला, परत चालत गेला.

"काय करतोय त्यो?" वडिलांनी विचारलं.

"चेंडू त्या तिकडच्या भोकात घालायचा आसतो."

"आनि मंग?"

"मंग काढायचा. फुडच्या भोकात घालायचा."

वडिलांनी वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "जमीन लई ब्येस हाय रं. नाचनी पेरली आसती तर!" आणि वर ते कळवळ्यानं हळहळले. त्या हळहळीत माझ्या धंद्याचं जे मोल झालं, ते मी अजून विसरलो नाही.

केरबा माझा मेहुणा. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याला हिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. आमच्या लग्नात तो हिच्या पदराला धरून मांडवभर फिरत होता. मोठा झाल्यावर हिनंच त्याला माझ्याकडे पुण्याला धाडला. अंगानं काटक, हसतमुख, आणि बोलण्यात साखर. "आक्कानं धाडलंय, दाजी. आता तुमी ठेवाल तसा ऱ्हाईन," म्हणाला. मी त्याला सगळं शिकवलं. काठी कशी धरायची, खांदा कसा वळवायचा, डबीतली ओली वाळू चिमटीनं घेऊन तिचा इवलासा ढीग कसा रचायचा आणि त्याच्यावर चेंडू कसा बसवायचा. तेव्हा चेंडू अशा वाळूवरच ठेवून मारत. केरबाची बोटं त्या कामात माझ्याहून हलकी होती. खरं सांगायचं तर भोकाजवळच्या हलक्या टोल्यातही तो माझ्यापेक्षा सरस निघाला. लांबचा फटका मात्र माझा.

म्हणून आमची जोडी जमली. त्या हंगामात उस्तादांच्या जोड्यांचे सामने व्हायचे. दोघांत चेंडू एकच. मी मारायचा, जिथं पडेल तिथून केरबानं मारायचा, मग पुन्हा मी. बाहेरगावच्या खेळाडूंना हा प्रकार जड जाई. त्यांची आपसात तोंडं वाजत. आम्हाला त्यात काही नवं नव्हतं. आमच्याकडे लावणीला सावड असते. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. कुणी रोपांचे किती चूड लावले हे कुणी मोजत नाही, पण आपली पाळी सोडून कुणी जातही नाही. मी केरबाला एवढंच सांगितलं होतं, "ही चेंडवाची सावड हाय." तो खदखदून हसला होता, आणि पुढे प्रत्येक सामन्याआधी तेच म्हणायचा, "चला दाजी, सावडीला."

दसऱ्यानंतर पुणे, थंडीत देवळाली, मग मुंबई, आणि शिमग्यानंतर शेवटचा सामना आमच्या भोरजवळ. असा तो फेरा होता. देवळालीला पहाटे चेंडू इतका गार पडलेला असे की काठी लागली की मनगटापर्यंत झिणझिण्या येत. आम्ही एका गुदामात उतरलो होतो. दोघांत घोंगडं एक. केरबा झोपेत ते सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचा, आणि सकाळी उठला की स्वतःच कानकोंडा होऊन माझ्यासाठी चुलीवर पिठलं टाकायचा. मुंबईला समुद्राचं वारं. तिथं चेंडू हवेत आळसावल्यासारखा जाई आणि पडला की पडला. तिथल्या एका सामन्यात माझा फटका पार झुडपात गेला. केरबानं काट्यांत गुडघ्यावर बसून तो असा काही बाहेर काढला की बघणाऱ्या मडमांनीही टाळ्या वाजवल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या दंडावर ओरखड्यांच्या रेघा उमटल्या होत्या. "तुमची चूक ती माजी चूक, दाजी," म्हणाला. मी ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. आज त्या वाक्याचा मला राग येतो, आणि राग येतो म्हणून वाईटही वाटतं, कारण त्या क्षणी त्यानं ते खोटं म्हटलं नसावं. माणूस एकदम फिरत नाही.

भाटघरच्या धरणावर तेव्हा साहेब लोकांची वस्ती होती. त्यांनी जवळच्या माळावर लहानसं मैदान आखलं होतं. वर मुरूम, खाली कातळ, मध्ये कुसळी गवत. भोकाभोवती हिरवळ कुठली टिकायला! तिथं तेल पाजून चोपलेल्या वाळूचं वर्तुळ केलेलं असे. त्या मैदानाला एक पगारी उस्ताद हवा होता. राहायला खोली, आणि मुख्य म्हणजे गावापासून दिवसभराच्या चालीवर. मैदानाचा कारभार बघणारा साहेब मला म्हणाला होता, सामना जिंकलात तर जागा तुझी, कारण जोडीत थोरला तू. केरबा तेव्हा शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आक्का खूश हुईल."

मला ती जागा फार हवी होती. हंगामभर मी घराबाहेर होतो. बायको घरी, शेत सावडीवर चाललेलं, वडील थकलेले. मैदानही माझं आणि घरही माझं, असं कधी कुणाच्या नशिबी आलं आहे?

शेवटच्या दिवशी अर्धा तालुका माळावर लोटला. भोंगवलीचे, आंबवड्याचे, आमच्या खोऱ्यातले लोक भाकऱ्या बांधून आले होते. खेळ कुणाला कळत नव्हता, पण आपली दोन माणसं साहेबांच्या खेळात आहेत एवढं सगळ्यांना कळत होतं. आमची ही डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसली होती. शेवटच्या भोकापर्यंत आम्ही आणि समोरची जोडी बरोबरीत होतो. आमचा चेंडू वाळलेल्या कुसळीत पडला होता आणि फटका माझा होता. मी काठी चेंडूमागे टेकवली. वारं आलं, चेंडूशेजारची एक काडी डुलली. चेंडू हलला नाही. मी श्वास सोडला आणि मारला. चेंडू उंच गेला, वाळूच्या कडेला उतरला आणि सरपटत भोकाशी जाऊन थांबला. माळावर एकच गलका झाला. आता केरबानं नुसता ढोसायचा होता, की एका फटक्यानं सामना आमचा. पोरसुद्धा घालील इतका तो जवळ होता.

केरबा चेंडूपाशी गेला. वाकला. आणि मग सरळ उभा राहून त्यानं हात वर केला.

"साब," तो लांब उभ्या असलेल्या पंचाला म्हणाला, "बॉल हिला था. मारने के पहले. हमारे दाजी का काठी लगा."

हा खेळ असा आहे की पंच कुठंतरी दूर असतो. ज्याचे फटके कमी तो जिंकतो; काठी लागून हललेला चेंडू तसाच मारला तर दोन फटके चढतात, पण हलला की नाही हे ज्याचं त्यानं सांगायचं. साहेब लोकांना त्याचा फार अभिमान. मी ओरडलो, "न्हाई हलला! केरबा, काय बोलतोस?" पंचानं समोरच्या जोडीला विचारलं, त्यांनी पाहिलं नव्हतं. केरबाला पुन्हा विचारलं. केरबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिला था, साब." फटके चढले आणि सामना गेला. साहेबांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कारभारी साहेब पुढे आला आणि त्यानं केरबाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. स्वतःचं नुकसान करून खरं बोलणारा माणूस! दिवस मावळायच्या आत ती जागा केरबाला मिळाली. जिंकलो असतो तर एकच जागा होती आणि ती माझी होती. हरला म्हणून ती त्याची झाली. हरून जिंकायची अशी युक्ती मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

घरी परतताना हिला मी वाटेत विचारलं, "तुला काय वाटतंय? हलला आसंल?" ती म्हणाली, "मला त्या ख्येळातलं काय कळतंय?" आणि पुढे चालू लागली.

गावाला मात्र सगळं कळलं होतं. पारावर, विहिरीवर एकच बोलणं. आमच्याच भावकीतले एक म्हातारे मला जवळ बसवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "आरं, जितायसाठी मानूस खोटं बोलंल. हरायसाठी कोन बोलतंय? व्हती चूक, मानून टाकावी." चोरानं चोरी केली तर माग काढता येतो. यानं स्वतःच्याच घरात चोरी केली होती, मग माग कुठं काढायचा?

तेव्हा मला जे सुचलं ते आमच्याकडच्या कुणालाही सुचलं असतं. मी चावडीत उभा राहून म्हणालो, केरबानं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलावा. देवापुढची हळद ओंजळीत घेऊन शपथ वाहायची, हा आमच्याकडचा शेवटचा निवाडा. खोट्यानं उचलला तर देव त्याचा वंश ठेवत नाही, असं लोक मानतात. मला खात्री होती, केरबा उचलणार नाही. पोटासाठी माणूस खोटं बोलेल, पण देवाला भिणारा माणूस खोट्यानं भंडाऱ्याला कधी हात लावत नाही.

केरबा अंघोळ करून ओल्या अंगानं आला. आमची ही देवळाच्या खांबाला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, भावावर नवऱ्यानं ही वेळ आणली म्हणून. केरबानं ओंजळ भरून भंडारा घेतला आणि म्हणाला, "चेंडू हलला व्हता. खोटं आसंल तर द्येव बघून घेईल." आवाज कापला नाही. भंडारा उचलला की विषय मिटला, ही गावाची रीत. त्यानंतर कुणी तो काढायचा नसतो, वादी असला तरी. ती रीत मीच माझ्या गळ्यात बांधून घेतली होती.

पुन्हा मी काठी हातात धरली नाही. पुण्याच्या मैदानावर बातमी माझ्याआधी पोचली होती, आणि तिथल्या साहेबांना चेंडू हलवून गप्प बसणारा उस्ताद नको होता. मी शेतावर राहिलो. केरबा धरणावर राहिला, त्याचं बरं झालं. दर भाऊबीजेला तो यायचा, अंगात साहेबानं दिलेला कोट, बहिणीला लुगडं. ही त्याला पाटावर बसवून ओवाळायची, आणि मी पलीकडे गुडघे जवळ घेऊन बसायचो. तो मला "दाजी, बरं हाय न्हवं?" विचारायचा. मी "बरं हाय" म्हणायचो. त्याचं काही वाईट झालं नाही. पोरंबाळं झाली, घर झालं. देव बघत होता की नाही कोण जाणे. गाव मात्र बघत होतं, आणि त्याचं जितकं बरं होई तितका मी खोटा ठरे.

गावाचं सोडा. गावाला माझ्याविषयी काय वाटतं यावर मी जेवत नव्हतो. मला एका माणसाची पर्वा होती. ही मला कधी टाकून बोलली नाही, वाढताना हात आखडला नाही. पण त्या शिमग्यापासून ती दर रविवारी कडक उपास धरू लागली होती. पाणीसुद्धा सांज झाल्यावर. रविवार खंडोबाचा. मला न सांगता कळलं होतं की नवऱ्याच्या पापासाठी धरते आहे. हीच गोष्ट मला पोखरत गेली. चेंडू हलला नाही, एवढं तिला पटावं, बाकी जग गेलं उडत, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. कितीदा तोंडापर्यंत आलं. पण विषय काढायचा नव्हता.

गेल्या आषाढात केरबा तापानं गेला. ही धरणावर जाऊन राहिली, दिवस करून परत आली. त्यानंतरच्या रविवारी मी शेतावरून दुपारी आलो तर ही ताटात भाकरी घेऊन जेवत बसली होती.

"आज आयतवार न्हवं? उपास न्हाई धरला?" मी विचारलं.

"आता कुनासाठी धरू?" ती म्हणाली.

मी उंबऱ्यातच बसलो. तिनं घास खाली ठेवला. मग थांबत थांबत सांगितलं. भंडाऱ्याच्या आदल्या सांजेला केरबा तिच्याकडे आला होता. "म्हनला, आक्का, चेंडू न्हाई हलला. जागा येकच व्हती, मला भूल पडली. म्या पाय धरलं त्याचं, उद्या हात लावू नगंस म्हनलं. त्यो म्हनला, आता मागं फिरलो तर कुत्रं खानार न्हाई मला."

"आनि तू गप ऱ्हाईलीस? येवडी वर्सं?"

"मंग काय करू? येकदा उचलल्यावर बोलले आसते तर गावानं ठेचला आसता त्याला. आईमागं म्या वाढवला. द्येवाला म्हनलं, त्याला काय करू नगंस, मी धरते आयतवार."

"आनि मी?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे खरंच आश्चर्यानं बघितलं. "तुमचं काय?" ती म्हणाली. "तुमी खरं व्हता. खऱ्याला काय व्हतंय?"

खऱ्याला काय होतं, हे सांगायला बसलो असतो तर दिवस पुरला नसता. तिच्या हिशोबात ते चोख होतं. देवाची भीती खोट्याला असते, म्हणून राखण खोट्याची करायची; खरा माणूस उघड्यावर टाकला तरी त्याला कोण खातंय? तिच्या मनात माझ्याविषयी तसूभरही किंतु नव्हता. किंतु नव्हता म्हणून तर तिनं मला बाजूला ठेवलं.

परवा भाऊबीज झाली. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. सांजेला डोंगरावर बीजेची कोर दिसली तशी हिनं अंगणात निरांजन ओवाळलं, तांदूळ टाकले. कोर लगेच मावळायला लागली. ही ताट घेऊन ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आता त्यो न्हाई. त्याला कोन काय करनार? सांगू का गावाला? तुमी म्हनाल तर उद्या देवळात भंडारा उचलते."

मी "नको" म्हणालो. तिला वाटलं, मी मन मोठं केलं. तसं काही नव्हतं. गावानं आता मानलं काय आणि न मानलं काय. केरबानं मला फसवलं ते नोकरीसाठी, आणि तो मेला. त्याच्यावरचा राग आता कुठं टेकवायचा? पण ज्या एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी इतकी वर्षं तळमळलो, त्या हिचा विश्वास होताच. ही रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होती, आणि मी तळमळतो आहे हे बघून गप्प बसत होती.